मिक्सर नाही, मोबाईल थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडताय? वाजेल, पण आधी एवढं बघा

गडहिंग्लज : गावात हरिनाम सप्ताह बसलाय. मंडप उभा राहिला, कर्णे चढले आणि ऐनवेळी मिक्सर बंद पडला. साऊंडवाला दुसऱ्या गावात अडकलेला. मग मंडळातला एखादा पोरगा खिशातून मोबाईल काढतो, कुठनंतरी वायर आणतो आणि म्हणतो, "थेट मशीनलाच जोडूया की." जोडतात. आवाज येतो. सगळे खूश. पण अर्ध्या तासात एका कर्ण्यातनं खरखर सुरू होते. नाहीतर भजनातला बुवांचा आवाजच गायब होतो आणि मागची वाद्यं तेवढी ऐकू येतात. नाहीतर ऐन आरतीत कुणाचा तरी फोन येतो आणि रिंगटोन अख्ख्या गावाला ऐकू जाते.

नेसरी असो, नूल असो की हलकर्णी, गणपती, सप्ताह आणि यात्रेच्या दिवसांत हे चित्र कुठंही दिसतं. पूर्वी कॅसेट होती, मग सीडी आली, पेन ड्राईव्ह आला, आता सगळी गाणी मोबाईलमध्ये. त्यामुळे प्रश्न साधा आहे. मोबाईल किंवा एमपी-थ्री प्लेअर मध्ये काही न लावता थेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर चालतो का?

उत्तर : चालतो. पण मधला डबा काढला की तो डबा जी कामं करत होता, ती आपल्याला करावी लागतात. ती कामं कुठली, हे माहीत नसलं की युनिट जळतं आणि भुर्दंड लोकवर्गणीवर पडतो.

मोबाईल का चालतो, माईक का नाही?

आवाज मशीनमधून जातो तो विजेच्या रूपात. माईकमधून येणारी वीज फारच बारीक असते, साधारण एक व्होल्टचा हजारावा भाग. मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून येणारी वीज त्यापेक्षा कितीतरी मोठी, फुल्ल आवाजाला साधारण अर्धा ते एक व्होल्ट. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीनं वाजायला आत साधारण एक व्होल्टच्या आसपास लागतं. काही मशीनला थोडं कमी, काहींना थोडं जास्त.

म्हणजे मोबाईल मशीनला पुरतो. माईक पुरत नाही. माईकची बारीक वीज आधी वाढवावी लागते आणि ते काम मिक्सर किंवा प्री-अ‍ॅम्प्लिफायर करतो. म्हणूनच मिक्सर बंद पडला तर गाणी थेट वाजवता येतात, पण कीर्तन करता येत नाही.

मशीनच्या दुसऱ्या टोकाला मात्र खेळ मोठा आहे. १०० वॅटचं मशीन ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीनं वाजवतं तेव्हा तारेवर सुमारे २८ व्होल्ट असतात. २५० वॅटला सुमारे ४५ व्होल्ट. म्हणजे मोबाईलवर बोट जरा सरकलं तरी स्पीकरवर केवढा फरक पडतो बघा.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे विहिरीवरची मोटार. मिक्सर म्हणजे मधला व्हॉल्व्ह आणि फिल्टर. व्हॉल्व्ह काढून मोटार थेट ठिबकला जोडली तर पाणी येईल, पण नळ्या कुठं फुटतील सांगता येत नाही.

आधी आपलं मशीन ओळखा

गावात 'मशीन' म्हणून दोन प्रकार चालतात.

पहिला, मंदिरात किंवा ग्रामपंचायतीत असतो तो. समोर माईकची भोकं, प्रत्येकाला वेगळं बटण, शिवाय बास आणि ट्रेबलची बटणं. याला मिक्सर-अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. यात मिक्सर आतच असतो. मागे किंवा पुढे 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेलं भोक असतं, मोबाईल तिथंच लावायचा. माईकच्या भोकात लावला तर आवाज फाटणारच. कारण ते भोक हजाराव्या भागाची वाट बघत असतं आणि आपण त्यात शेकडो पट मोठी वीज ढकलतो.

दुसरा, साऊंडवाल्याकडे असतो तो जड लोखंडी डबा. समोर फक्त दोन बटणं, कधी तीही नाहीत. माईकची जागा नाही, बास-ट्रेबल नाही. हा खरा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. पुढची सगळी माहिती प्रामुख्यानं याच्यासाठी आहे.

बुवांचा आवाज गायब का होतो?

मोबाईलच्या ३.५ मिमीच्या पिनवर काळ्या रेघा असतात. दोन रेघा म्हणजे तीन भाग : टोकाला डावा आवाज, मधे उजवा आवाज आणि बुडाला ग्राउंड. तीन रेघा असतील तर चार भाग, त्यात हेडफोनच्या माईकचा एक वाढतो. मशीनला जोडायला दोन रेघांची साधी स्टिरिओ पिन घ्यावी. चार भागांच्या पिनमध्ये माईक आणि ग्राउंड यांची जागा सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे गोंधळ होतो.

मोठ्या मशीनला मागे तीन टोकांचं गोल एक्सएलआर सॉकेट असतं. त्यातलं १ नंबरचं टोक ग्राउंड, २ आणि ३ मधून आवाज जातो. पण मशीन २ आणि ३ मधला फक्त फरक वाजवतं. दोन्हीकडे सारखंच असेल ते खोडून टाकतं. लांब तारेत घुसलेला गोंगाट दोन्ही तारांत सारखा असतो, तो असा आपोआप जातो. सोय चांगलीच आहे.

आता कुणी मोबाईलचा डावा आवाज २ ला आणि उजवा ३ ला जोडला तर काय होतं? गाण्यात गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. मशीनला तो 'गोंगाट' वाटतो आणि ते तो खोडतं. उरतात फक्त एका बाजूला जास्त भरलेली वाद्यं. लोकांना वाटतं गाणं खराब आहे, मोबाईल खराब आहे. खराब असते ती केबल.

बरोबर जोडणी अशी : मोबाईलचा डावा आवाज २ ला, ग्राउंड १ ला आणि ३ नंबरचं टोक १ ला जोडून टाकायचं. उजवा आवाज दुसऱ्या चॅनलला तसाच. मशीनला बाजारात ज्याला पी-३८ म्हणतात तो मोठा जॅक असेल, तर एका बाजूला स्टिरिओ लहान पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो जॅक अशी तयार केबल मिळते, तीच घ्यावी.

एकाच चॅनलवर सगळं वाजवायचं असेल तर डावी-उजवी तार नुसती पिळून एकत्र करू नये. मोबाईलच्या आतली दोन्ही बाजूंची सर्किट एकमेकांवर जोर लावतात. प्रत्येक तारेत एक किलोओहमचा छोटा रेझिस्टर घालून मग एकत्र करावी. त्याहून सोपं म्हणजे मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'सुलभता' या भागात 'मोनो ऑडिओ' असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजूंना सारखाच आवाज येतो. मग डावा आवाज आणि ग्राउंड एवढंच जोडलं तरी पूर्ण गाणं वाजतं.

यातूनच एक परीक्षाही होते. मोनो ऑडिओ चालू केल्यावर आवाज एकदम बंद झाला, तर समजा केबल चुकीची आहे. डावा-उजवा २ आणि ३ ला गेलाय.

नवीन मोबाईलला हेडफोनचं भोकच नसतं. त्याला चार्जिंगच्या जागी लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. काही स्वस्त कन्व्हर्टरमध्ये नुसती तार असते, ते ठराविक फोनवरच चालतात. आत आवाज तयार करणारी चिप असलेला घ्यावा आणि दुकानातच आपला फोन लावून बघावा.

आवाज कुठून वाढवायचा?

मोबाईलवर एक बटण, मशीनवर दुसरं. कुठलं किती ठेवायचं यावर सगळं अवलंबून आहे.

मोबाईलचा आवाज अगदी कमी आणि मशीन फुल्ल ठेवलं तर गाण्याबरोबर सूंऽऽ असा आवाज येत राहतो. शिवाय चुकून बोट लागलं आणि मोबाईलचा आवाज वाढला, तर मशीन तयारच असतं. कर्णा त्या एका क्षणात जातो. म्हणून उलटं करायचं. मशीनची बटणं शून्यावर ठेवा. मोबाईल ऐंशी टक्क्यांवर ठेवा. सगळ्यात जोरात वाजणारं गाणं लावा. मग मशीनचं बटण हळूहळू वाढवा. मशीनवर 'क्लिप' किंवा 'पीक' लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागला की तिथून मागे या. आता मोबाईल चुकून फुल्ल झाला तरी फरक थोडाच पडतो.

तो लाल दिवा शोभेचा नाही. मशीन आपल्या ताकदीपलीकडे गेलं की आवाजाची लाट वरून-खालून कापली जाते. कान म्हणतो 'आवाज फाटला'. स्पीकरची कॉईल मात्र तापायला लागते. अशी कापलेली लाट स्वच्छ आवाजापेक्षा जास्त उष्णता देते. म्हणूनच कमी वॅटचं मशीन जबरदस्तीनं फुल्ल वाजवलं तरी मोठा स्पीकर जळू शकतो. 'आवाज वाढवणारी' अ‍ॅप असतात, ती मोबाईलमध्येच लाट कापतात. अशी अ‍ॅप मशीनवर वाजवताना बंदच ठेवावीत.

ज्या मशीनला बटणच नाही, किंवा घरी बनवलेला बोर्ड आहे, तिथं मोबाईलचं बटण हाच एकमेव लगाम. तिथं मधे दहा किलोओहमचा स्टिरिओ व्हॉल्यूम पॉट डब्यात बसवून घ्यावा. रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही ते करून देतो.

सुरू-बंद करायचा क्रमही ठरलेला आहे. सुरू करताना मशीन शेवटी, बंद करताना मशीन आधी. मशीन चालू असताना मोबाईलची पिन काढली-घातली की धाडकन आवाज येतो. तो धक्का थेट युनिटवर बसतो.

कर्णा आणि बास यांचं जमत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. कर्णे जळण्याचं एक मोठं कारण इथं आहे.

कर्णा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या युनिटमधला पातळ डायफ्रॅम जाड, खालचा आवाज वाजवूच शकत नाही. पण वीज आली की तो हलतो, गरजेपेक्षा जास्त हलतो, शेवटी तडकतो किंवा त्याची कॉईल तुटते. मिक्सर-अ‍ॅम्प्लिफायर असताना साऊंडवाला बासचं बटण कमी करून ठेवतो, म्हणून ते कळत नाही. थेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला बासचं बटणच नाही. आणि मोबाईलमधली हल्लीची गाणी म्हणजे नुसता बास. मराठी असो की सीमेपलीकडची कन्नड, रिमिक्समध्ये ढोल आणि धमक भरपूर.

यावर दोन उपाय. पहिला लगेच करण्यासारखा : मोबाईलमधल्या प्लेअरचा इक्वलायझर उघडा आणि डावीकडच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या पट्ट्या पूर्ण खाली ओढा. 'बास बूस्ट' बंद करा. दुसरा कायमचा : १६ ओहमच्या युनिटच्या एका तारेत ३३ मायक्रोफॅरॅडचा नॉन-पोलर कपॅसिटर, १०० व्होल्टचा, लावून घ्यावा. तो साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवत जातो. युनिट वाचतं आणि बोलणं उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं. कर्ण्यात लाइन ट्रान्सफॉर्मर असेल तर हिशेब बदलतो, ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

हम्म... आणि चार्जर

गाणं चालू, मागे सतत 'हम्म'. सगळे केबल हलवून बघतात. आधी एक करा, मोबाईलचा चार्जर काढा. निम्म्या वेळी आवाज तिथंच थांबतो. चार्जर आणि मशीन दोन्ही एकाच लाइटवर असतात, आवाजाच्या तारेतून त्यांच्यात वीज फिरायला लागते आणि ती ऐकू येते. प्रचाराच्या किंवा भाजीच्या गाडीवर मोबाईल गाडीच्याच चार्जरला लावला की इंजिन रेस केल्यावर कुईंऽऽ वाढतं, तेही याच जातीचं. मोबाईल पूर्ण चार्ज करून आणणं हा फुकटचा उपाय. रात्रभर वाजवायचं असेल तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी मिळते. मोबाईल आणि मशीनच्या मधे ती लावायची.

पण हम्म घालवायला काहीजण मशीनच्या थ्री-पिनची अर्थिंगची जाड पिनच काढून टाकतात. हे कधीही करू नये. आवाज जाईल, पण मशीनमध्ये आत कुठं तार सुटली तर लोखंडी डबा २३० व्होल्टचा होतो. त्याला जोडलेला मोबाईल, माईक, स्टँड सगळंच. ओला मंडप, अनवाणी पाय आणि हातात माईक, एवढं पुरे होतं.

तसंच काडी घालून सॉकेटात उघड्या तारा खोचणं बंद करा. नाव नसलेला स्वस्त चार्जर मंडपात वापरू नका. त्याच्या आत २३० व्होल्ट आणि मोबाईल यांच्या मधला पडदा कसा आहे हे बाहेरून दिसत नाही. मंडपाच्या लाइनवर आरसीसीबी बसवून घ्यावी. ती वीज गळताच क्षणात लाइन तोडते.

फोन वाजला तर?

वाजणारा मोबाईल हा त्या दिवसापुरता मोबाईल नसतो, टेप असतो. सिम काढून ठेवलेला जुना फोन यासाठी सगळ्यात चांगला. नाहीतर 'फ्लाइट मोड' टाका. गाणी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. ऑनलाइन वाजवलं की मधेच जाहिरात येते आणि आरतीनंतर थेट बनियनची जाहिरात अख्खा वाडा ऐकतो.

ब्लूटूथ सोयीचं, पण फोनवाला दहा-पंधरा मीटर लांब गेला की आवाज तुटतो. आणि परत जोडताना 'कनेक्टेड' ही घोषणा मशीनच्या पूर्ण आवाजात होते. कार्यक्रमाला तारच बरी.

किती वाजवायचं?

कोल्हापूर भागात मोठ्या साऊंडला 'डॉल्बी' म्हणायची पद्धत पडलीय. त्या नावाच्या परदेशी कंपनीचा आपल्या भिंतीएवढ्या डब्यांशी काही संबंध नाही. पण नाव काहीही असो, नियम सगळ्यांना एकच. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा आणि कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात.

पहाटेच्या काकड्याला कर्णा लावणाऱ्यांनी सहाची वेळ ध्यानात ठेवावी. काकडा देवळात टाळांवर होतोच.

'हॅलो हॅलो' करण्याआधी एकदा बघा

१. मोबाईल चार्ज, फ्लाइट मोडवर, बास बूस्ट बंद.
२. केबल दोन रेघांच्या पिनची. मोनो ऑडिओ लावून एकदा तपासलेली.
३. मशीनची बटणं शून्यावर. आधी मोबाईल जोडा, मग मशीन चालू.
४. मोबाईल ऐंशी टक्के, मशीन हळूहळू वर. लाल दिवा लागला की मागे.
५. कर्णे असतील तर इक्वलायझरमध्ये खालचा आवाज कमी.
६. थ्री-पिन शाबूत, अर्थिंग शाबूत.
७. बंद करताना मशीन आधी.

माईकही लागणार असेल तर मात्र हा सगळा जुगाड बाजूला ठेवून चार चॅनलचा छोटा मिक्सर आणावा, भाड्यानं का असेना. त्यात बासचं बटण आहे, माईकची जागा आहे आणि प्रत्येकाचा वेगळा लगाम आहे. थेट जोडणी ही अडीअडचणीची सोय आहे. अडचणीत ती नीट वापरली तर सप्ताह पार पडतो आणि कर्णे पुढच्या वर्षालाही शिल्लक राहतात.